सभेची नोटीस नको, काम सांगा
अंगणवाडीत पालकसभा ठेवली की चार आया येतात, माना डोलावतात, निघून जातात. त्यापेक्षा चतुर्थीच्या आधी एकेका घराला काम सांगा: माटोळीला, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात त्या लाकडी चौकटीला, बांधायला आणलेल्यातलं एखादं फळ घेऊन या आणि मुलांना त्याची माहिती द्या. आंबाडे, कांगलं, कवंडळ, सुपारीचा घोस. रानातून ते आणणारे आजोबा आले तर फारच छान! कोंकणीतच बोलू दे त्यांना, तीन-चार वर्षांच्या मुलाला घरची भाषा पटकन कळते. मुलं वास घेतील, आंबाडे मोजतील, लहान-मोठे लावतील. कवंडळ मात्र फक्त लांबून दाखवा, ते विषारी असतं. वेळ सकाळी मूल सोडायला येतात तेव्हाचीच ठेवा, दहा मिनिटं पुरतात. कामावर जाणारे बाबाही थांबतात.