अमेरिकेतलं डेकेअर: ओपन एन्रोलमेंटमध्ये ही एक ओळ वाचा

कंपनीचं ओपन एन्रोलमेंट (विमा आणि इतर सुविधा निवडायची वार्षिक मुदत) आलं की आपण हेल्थ इन्शुरन्स निवडतो आणि पान बंद करतो. डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे मुलांच्या सांभाळाच्या खर्चासाठी पगारातून पैसे बाजूला ठेवायचं खातं, तिथेच खाली राहून जातं. २०२६ पासून त्याची कुटुंबासाठीची मर्यादा ५,००० वरून ७,५०० डॉलर झाली आहे. तुमच्या कंपनीने ती लागू केली का, हे एचआरला विचारा. पैसे करापूर्वीच पगारातून जातात. आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल आणि पूर्ण ७,५०० भरलेत, तर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे कर धरून साधारण २,२०० डॉलर वाचतात.

दुसरी वाट टॅक्स क्रेडिटची, म्हणजे खर्चाचा काही टक्के भाग थेट करातून कमी होतो. १३ वर्षांखालच्या एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरतात, पण त्यातून एफएसएची रक्कम वजा होते. म्हणजे ७,५०० भरलेत की क्रेडिट शून्य. तरी एक मूल आणि महागडं डेकेअर असेल तर मी डोळे झाकून एफएसए घेईन. दोन मुलं आणि एकत्र उत्पन्न दीड लाखाच्या आत असेल, तर क्रेडिट त्या ६,००० च्या निदान ३५ टक्के, म्हणजे २,१०० डॉलर. जवळपास बरोबरीच, शिवाय एफएसएत उरलेले पैसे बुडतात ती धास्ती नाही.

दोन्ही वाटांसाठी नवरा-बायको दोघांचीही कमाई हवी. जोडीदार एच-४ (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) वर घरी असेल तर दोन्ही विसरा. पूर्णवेळ शिकत असेल तर गोष्ट वेगळी.

उन्हाळी डे-कॅम्प चालतो, रात्रीच्या मुक्कामाचा नाही.

आणि सांभाळणाऱ्या बाईंचा टॅक्स नंबर पहिल्या चेकआधीच डब्ल्यू-१० फॉर्मवर घ्या, टॅक्स रिटर्न भरताना तो लागतो. आमच्या बाई एप्रिलमध्ये फोनच उचलेनात!