गोचीड ताप: कुत्रा जेवू लागला म्हणून गोळ्या थांबवू नका

गोचीड तापातली सगळ्यात घातक चूक उपचार सुरू झाल्यावर होते. गोचिडीतून पसरणाऱ्या एर्लिकिया या जंतूचं निदान होऊन डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू झालं की कुत्रा बहुधा दोन-तीन दिवसांत जेवायला लागतो, आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. कोर्स साधारण 28 दिवसांचा असतो. तो अर्धवट सोडला तर जंतू शरीरात दडून राहू शकतात. मग काही महिन्यांनी, कधी वर्षांनी नाकातून रक्त येतं. तोवर रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा खचलेली असली तर डॉक्टरांच्याही हातात फार काही उरत नाही. गोळ्या संपवाच, प्लेटलेट्सही पुन्हा तपासा. गोळी जेवणासोबत द्या, पण दुधातून नको. कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही. वरून थोडं पाणी पाजा, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम होते.

शेजारच्या कुत्र्याचं औषध आपल्या कुत्र्याला चालेल, असंही धरू नका; गोचिडीतून येणारा जंतू वेगळा असू शकतो. हिरड्या पांढुरक्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी असेल तर बॅबेसिया या परजीवीची शंका घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हा परजीवी तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. त्याच्या व्होगेली जातीवर इमिडोकार्बचं इंजेक्शन चालतं; गिब्सोनीवर ते पुरत नाही, तिथे अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र द्यावं लागतं. रक्ताच्या स्लाइडवर काही दिसलं नाही, तरी लक्षणं असतील तर पीसीआरबद्दल, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीबद्दल विचारा.

ताप उतरवायला घरातली आयब्युप्रोफेन तर कधीच नको. प्लेटलेट्स आधीच घसरलेल्या असतात, त्यात पोटात रक्तस्राव सुरू होतो.

आणि घर? कुत्र्याला औषध दिलं, पण गोचिडी भिंतीतच राहिल्या, हे फार घरांत होतं. तपकिरी गोचिडीची मादी रक्त पिऊन खाली उतरते आणि फटीत हजारो अंडी घालते. त्यांतून निघालेली गोचिडीची पिल्लं उपाशीपोटी कित्येक आठवडे तग धरतात. म्हणून एकदा फवारून भागत नाही. दाराची चौकट, पायरीखालची भेग, कुत्र्याच्या गादीखालची जमीन पुन्हा पुन्हा साफ करा, फटी बुजवा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध आणू नका, मांजराच्या जिवावर बेततं. गुरांचं गोचिडीचं औषध अंदाजानं पाण्यात मिसळून कुत्र्याला चोळू नका.

अंगावरची गोचीड रॉकेल लावून किंवा बोटांनी चिरडून काढू नका. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. कानाच्या आत आणि पायाच्या बोटांमध्येही बघा, तिथेच त्या जास्त असतात.