जुन्या पीसीवर लिनक्स टाकून गेम कसे खेळावेत: आधी यादी, मग पेनड्राइव्ह

ठाण्याला वर्तकनगरमध्ये माझ्या ताईचं घर आहे. हॉलच्या कोपऱ्यात भाच्याचा पीसी: सातव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह, एनव्हिडियाचं १०५० टीआय कार्ड, १६ जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ ला हा प्रोसेसर चालत नाही. धडधाकट पीसी भंगारात द्यायला ताई तयार नव्हती. विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत प्रणाली म्हणजे लिनक्स. भाच्याने मला फोन लावला, “मावशी, लिनक्सवर गेम चालतात का गं?”

दहा वर्षांपूर्वी मी सरळ नाही म्हटलं असतं. या वेळी म्हटलं, “कोणते गेम, ते आधी लिहून पाठव.”

बहुतेक मार्गदर्शक पेनड्राइव्हपासून सुरू होतात आणि तिथेच फसगत होते. शनिवार-रविवार घालवून लिनक्स बसवायचं आणि रविवारी रात्री कळायचं की आपला एकमेव आवडता गेम इथे चालतच नाही. म्हणून कागद-पेन घ्या.

यादी तपासणे

भाच्याने पाच नावं पाठवली: व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५, विचर ३, स्टारड्यू व्हॅली. प्रत्येक नाव प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर शोधा. तिथे खेळणारेच आपापला अनुभव लिहितात आणि त्यावरून गेमला दर्जा मिळतो. ‘नेटिव्ह’ म्हणजे गेम लिनक्ससाठीच बनलेला आहे. मग प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि शेवटी ‘बोर्क्ड’, म्हणजे नाद सोडा. गोल्डपर्यंत डोळे मिटून घ्या. सिल्व्हर किंवा त्याखालचा दर्जा असेल तर पानावरचे ताजे अभिप्राय वाचा. दोन वर्षांपूर्वीची तक्रार आज बहुधा शिळी झालेली असते.

ऑनलाइन गेम असेल तर ‘आर वी अँटी-चीट येट’ हे दुसरं संकेतस्थळही पाहा. अँटी-चीट म्हणजे लबाडी करणाऱ्या खेळाडूंना पकडणारा, गेमसोबत येणारा पहारेकरी. खरी अडचण तिथेच आहे.

आमच्या यादीचा निकाल असा लागला. काउंटर-स्ट्राइक २ आणि स्टारड्यू व्हॅली नेटिव्ह. विचर ३ उत्तम. जीटीए ५ ची कथा चालते, ऑनलाइन चालत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात बॅटलआय नावाचं अँटी-चीट बसवलं आणि लिनक्सवाल्यांना दार बंद झालं. व्हॅलोरंट अजिबात नाही. फोर्टनाइटही नाही. एपेक्स लेजंड्स चालायचं, तेही २०२४ च्या अखेरीस बंद केलं.

“म्हणजे व्हॅलोरंटसाठी विंडोज ठेवावंच लागेल?” हो. यावर कुठली युक्ती सांगणारे व्हिडिओ दिसले तर लक्ष देऊ नका. खातं बंद व्हायची वेळ येते.

हे चालतं तरी कसं

दोन मिनिटं इथे घालवा, पुढची दुरुस्ती सोपी जाते.

लिनक्सवर गेम नव्हतेच असं नाही. डूम १९९४ मध्येच इथे आला होता. स्टीम हे व्हॉल्व्ह कंपनीचं गेमचं ऑनलाइन दुकानही फेब्रुवारी २०१३ पासून लिनक्सवर आहे. पण तेव्हा व्हॉल्व्हची अपेक्षा होती की गेम बनवणाऱ्यांनी लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी. २०१५ मध्ये त्यांनी ‘स्टीम मशीन’ नावाचे खोके बाजारात आणले ते त्याच भरवशावर, आणि ते पडले. मूठभर गिऱ्हाइकांसाठी कोण दुप्पट काम करणार? ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने डाव बदलला. गेम बनवणाऱ्याने काहीच करायला नको, विंडोजचाच गेम इथे चालवू. त्या साधनाचं नाव प्रोटॉन. २०२२ मध्ये आलेला हातातला स्टीम डेक याच प्रोटॉनवर चालतो आणि त्यात लिनक्सच आहे.

प्रोटॉनच्या पोटात वाइन आहे. १९९३ पासून चालत आलेला प्रकल्प. अनेकांना वाटतं, वाइन म्हणजे लिनक्सच्या आत खोटा विंडोज पीसी उभा करणं. तसं नाही. गेमचा कोड थेट आपल्याच प्रोसेसरवर चालतो. फक्त गेमने विंडोजच्या नावाने हाक मारली, म्हणजे ‘ही फाइल उघड’, ‘आवाज दे’, की वाइन ओ देते. चित्रं काढायच्या हाका मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्समध्ये असतात. त्या डीएक्सव्हीके आणि व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन ही दोन साधनं व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवरही चालणाऱ्या चित्रांच्या भाषेत, बदलून ग्राफिक्स कार्डाला देतात.

व्हॅलोरंटचं कोडंही यातच सुटतं. त्याचा पहारेकरी व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे थेट माजघरात बसतो. वाइन ओसरीवर उभी राहून ओ देते. माजघर विंडोजचं नाहीच, तर तो बसणार कुठे? इझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी २०२१ पासून प्रोटॉनला आधार दिला आहे, पण तो चालू करायचा की नाही हे गेमच्या कंपनीने ठरवायचं. एल्डन रिंग चालतो आणि जीटीए ऑनलाइन नाही, त्याचं कारण एवढंच.

पीसी पाहणे

सगळं व्हल्कनवर अवलंबून, म्हणून ग्राफिक्स कार्ड महत्त्वाचं. एएमडीचं असेल तर नशीबवान आहात, ड्रायव्हर लिनक्समध्येच असतो. एनव्हिडियाचं ९०० मालिकेपासून पुढचं चालेल. जीटी ७१० सारखी जुनी कार्डं आजच्या प्रोटॉनला पुरी पडत नाहीत. प्रोसेसरमधलंच इंटेल ग्राफिक्स असेल आणि तो चौथ्या पिढीचा किंवा त्याहून जुना असेल, तर मोठ्या गेमची आशा धरू नका.

रॅम ८ जीबी तरी हवी. आणि शक्य असेल तर लिनक्ससाठी वेगळी एसएसडी घ्या. आम्ही स्टेशनजवळच्या दुकानातून एक घेतली आणि विंडोजची जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवली. एकाच डिस्कचे दोन तुकडे करता येतात, पण चुकून भलताच तुकडा पुसला जाण्याची भीती राहते. इन्स्टॉल करताना आम्ही विंडोजच्या डिस्कची केबलच काढून ठेवली. हा माझा भित्रेपणा समजा, पण त्याने कधी पस्तावले नाही.

त्याआधी फोटो, कागदपत्रं आणि सेव्ह केलेल्या गेमची प्रत बाहेर काढा. विंडोज ११ ठेवणार असाल तर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, रिकव्हरी की लिहून घ्या, आणि विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा.

कोणतं लिनक्स

यावर लोक तासन् तास भांडतात. मी एका वाक्यात सांगते: पहिल्यांदाच येत असाल तर लिनक्स मिंट २२ घ्या. त्याला २०२९ पर्यंत आधार आहे आणि मांडणी विंडोजवाल्याला परकी वाटत नाही. टीव्हीला जोडून फक्त गेमच खेळायचे असतील तर बॅझाइट पाहा, ते थेट स्टीम डेकसारखं दिसतं.

सतत नव्यातलं नवं देणारे डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे प्रकार, मात्र या पीसीसाठी मी टाळले. एनव्हिडियाच्या ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांसाठी ड्रायव्हरची ५८० ही शेवटची शाखा आहे. त्यापुढचा ड्रायव्हर आपोआप उतरला तर १०५० टीआय उघडं पडेल.

पेनड्राइव्ह आणि इन्स्टॉल

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवा आणि रुफस किंवा बलेना एचर या साधनाने पेनड्राइव्हवर लिहा. त्यावर आधी जे असेल ते पुसलं जातं, तेव्हा आईच्या भजनांचा पेनड्राइव्ह घेऊ नका. पीसी सुरू होताना एफ १२ दाबून पेनड्राइव्ह निवडा. काही बोर्डांवर एफ ११, एफ ८ किंवा एस्केप असतं. काही न बसवताच मिंट पडद्यावर उघडतं. लगेच इन्स्टॉल करू नका. वायफाय लागतं का, आवाज येतो का, एवढं पाहून घ्या.

इन्स्टॉल करताना ‘मल्टिमीडिया कोडेक्स’च्या चौकटीत खूण करा. सिक्युअर बूट, म्हणजे पीसी सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअरला अडवणारी सोय, चालू असेल तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. सोपा ठेवा आणि कागदावर लिहा. आमची गाडी इथेच अडली.

इन्स्टॉल झालं, पीसी परत सुरू झाला आणि निळा पडदा आला: ‘एमओके मॅनेजमेंट’साठी कोणतंही बटण दाबा. खाली दहापासून उलटे आकडे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईने विचारलं, “पोहे आत्ता घेताय की नंतर?” आम्ही दोघं वळलो. दहा सेकंद संपले. पुढे मिंट उघडलं, पण चिन्हं लाडवाएवढी आणि अक्षरं पसरट, कारण एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला आत घ्यायची परवानगीच मिळाली नव्हती. त्या पडद्यावर कोणतंही बटण दाबायचं, ‘एनरोल एमओके’ निवडायचं, ‘कंटिन्यू’, ‘येस’, मघाचा पासवर्ड, आणि ‘रीबूट’. एवढंच. आम्ही पोहे खाऊन सगळं इन्स्टॉल पुन्हा केलं; पंधरा-वीस मिनिटांचं काम.

सिक्युअर बूट बायोसमधून, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमधून, बंद करून टाका असा सल्ला जागोजागी मिळतो. तो सोपा आहे खरा. पण विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनी तो ऐकू नये. व्हॅनगार्ड तिथे सिक्युअर बूट मागतो, आणि दोष उगाच लिनक्सच्या माथी येतो.

एनव्हिडियावाल्यांनी मग मेनूमधून ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडावा, ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर निवडावा आणि पीसी पुन्हा सुरू करावा. एएमडी आणि इंटेलवाल्यांनी इथे काही करायचं नाही.

स्टीम आणि प्रोटॉन

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये स्टीम शोधा. तिथे दोन पर्याय दिसतील, सिस्टम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. सिस्टम पॅकेज घ्या. दुसऱ्या डिस्कवर गेम ठेवताना फ्लॅटपॅकला वेगळी परवानगी द्यावी लागते, ती कटकट नको.

लॉगिन करून सेटिंग्जमध्ये ‘कंपॅटिबिलिटी’ उघडा. सर्व गेमसाठी स्टीम प्ले, म्हणजे प्रोटॉन वापरायची सोय, चालू असल्याची खात्री करा. नव्या स्टीममध्ये ते बहुधा आधीच चालू असतं. आता तुमच्या लायब्ररीतले विंडोजचे गेमही ‘इन्स्टॉल’ दाखवतील. विचर ३ उतरायला लावून तळावपाळीला एक फेरी मारून या.

इथे एक मोह होतो. विंडोजच्या डिस्कवर तोच गेम आधीच पडलेला असतो, मग पुन्हा कशाला उतरवायचा? पण ती डिस्क एनटीएफएस प्रकारची असते आणि प्रोटॉनचं तिच्याशी पटत नाही. गेम सुरूच न होणं किंवा मध्येच बंद पडणं, हे त्यामुळेच होतं. गेम लिनक्सच्या एक्स्ट-४ डिस्कवरच ठेवा.

पहिल्यांदा गेम सुरू करताना ‘प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स’ असं येऊन हिरवी-निळी पट्टी रेंगाळते. भाच्याने तीनदा ‘स्किप’ दाबलं आणि मग गेम अडखळतो म्हणून कुरकुर केली. चित्रांची तयारी आधीच करून ठेवण्याचं ते काम आहे. होऊ द्या, पुढच्या वेळी वेळ कमी लागतो.

एपिक आणि गॉग या दुसऱ्या ऑनलाइन दुकानांतून घेतलेले गेम हिरोइक गेम्स लाँचरमधून चालतात. एपिकवर आठवड्याला फुकट मिळणारे गेम साठवून ठेवले असतील तर ते इथे उघडतील. बाकीच्या किरकोळ गोष्टींसाठी ल्युट्रिस आहे.

प्लेस्टेशनचा कंट्रोलर यूएसबीने जोडा, चालतो. एक्सबॉक्सचाही.

गेम सुरूच होत नसेल तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. गेमवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘कंपॅटिबिलिटी’, आणि तिथे प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडा. आधी ‘प्रोटॉन एक्स्पेरिमेंटल’ पाहा. त्याने भागलं नाही तर ‘जीई-प्रोटॉन’, म्हणजे बाहेरच्या जाणकाराने जास्तीच्या दुरुस्त्या घालून काढलेलं प्रोटॉन. ते ‘प्रोटॉनअप-क्यूटी’ या छोट्या साधनाने बसतं. कटसीनचा, म्हणजे गेममधल्या कथेच्या प्रसंगाचा, व्हिडिओ काळा दिसत असेल तर बहुतेक वेळा याच उपायाने सुटतं.

तरीही अडलं, तर त्या गेमचा खोटा सी-ड्राइव्ह नव्याने बनवायचा. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डरमध्ये एक वेगळा कप्पा ठेवतं, त्याला गेमचा क्रमांक हेच नाव असतं. तो कप्पा पुसला की पुढच्या वेळी कोरा तयार होतो. पण सेव्ह केलेला गेमही बरेचदा त्यातच असतो. स्टीम क्लाउड नसेल तर आधी प्रत काढा. हे मी अनुभवाने सांगते आहे, आणि तो अनुभव चाळीस तासांच्या खेळाचा होता.

सगळं नीट चालू लागल्यावर मिंटमधल्या टाइमशिफ्टने एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा. एखाद्या अपडेटने घोळ घातला तर तिथे परत जाता येतं.

दोन्ही ठेवणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट

भाचा शुक्रवारी रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळायला एफ १२ दाबून विंडोजमध्ये जातो, आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं असतं. लिनक्स पीसीच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. वेळ चुकलेली असेल तर काही गेमचं लॉगिनही अडतं. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबलं की घड्याळ जाग्यावर येतं. हे बटण मी त्याला दोनदा दाखवलंय. पण रात्री साडेदहाला “किती वाजले बघितलंस का?” म्हणून ताई ओरडते, तेव्हा तो शांतपणे पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवतो. तिथे पाच वाजलेले असतात.