लहानपणीचा मासेमारीचा व्हिडिओ गेम पुन्हा कसा खेळावा

मासेमारीचा जुना व्हिडिओ गेम हौसेने शोधून काढायचा, नव्या टीव्हीला जोडायचा आणि चार मासे निसटले की कंटाळून बंद करायचा, असं पुष्कळांचं होतं. गेम बिघडलेला नसतो आणि तुमचे हातही काही विसरलेले नसतात. मासा आमिषाला तोंड लावतो आणि आपण हिसका देतो, त्यामधल्या क्षणावर हा सगळा खेळ उभा आहे. तो क्षण जपला तर गेम आजही तितकाच रंगतो.

आधी गेम ओळखा

गेमचं नाव सहसा आठवत नाही, कारण ते आपल्याला कधी नीट कळलेलंच नसतं. एकातच अनेक गेम असलेल्या ‘इन वन’ कॅसेटवर चित्र एकाचं आणि आत गेम दुसरेच असायचे. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या सीडीवर मार्करने नुसतं ‘फिशिंग’ लिहिलेलं असायचं. म्हणून नावाच्या मागे न लागता पडद्यावर काय दिसायचं ते आठवा.

साधी चौकोनी चित्रं, तलाव आणि मासेमारीची स्पर्धा असेल तर तो हॉट-बी कंपनीचा ‘द ब्लॅक बास’ असू शकतो. तो जपानमध्ये १९८७ साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या मशीनवर आला. आपल्याकडची कॅसेटवाली बरीचशी मशीन फॅमिकॉमच्याच नकला होत्या. पाण्याखालचे मासे खऱ्या चित्रीकरणासारखे दिसत असतील तर प्लेस्टेशनचा ‘रील फिशिंग’ धरून चाला. जपानमध्ये तो १९९६ साली ‘फिश आइज’ नावाने आला होता. घड्याळ उलटं धावतंय, निवेदक ओरडतोय आणि आमिषामागे थ्रीडी मासा पोहतोय, असं आठवत असेल तर ‘सेगा बास फिशिंग’. हा १९९७ साली आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, आणि १९९९ साली सेगाच्या ड्रीमकास्ट या घरगुती मशीनवर आला. आजारी बहिणीसाठी नदीचा राजा मासा शोधत फिरणारा मुलगा आठवतोय? मग तो गेम बॉय या हातात धरायच्या मशीनवरचा ‘लेजंड ऑफ द रिव्हर किंग’.

अंदाज आला की त्या गेमचा एखादा व्हिडिओ आवाज मोठा करून पाहा. चित्राआधी संगीत ओळखू येतं, हा माझा ठाम अनुभव आहे.

मशीन किंवा एम्युलेटर

पहिला शोध घरच्या माळ्यावर घ्या, मग मामा-मावशीकडे. तिथे काही मिळालं नाही तर पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार आहे, रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे मशीन चालवून बघण्याची सोय असेलच असं नाही, म्हणून बंद निघालं तरी चालेल एवढीच किंमत द्या. अडॅप्टर आणि एव्ही केबलसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. अडॅप्टर घेताना नुसते व्होल्ट जुळवू नका. पिनच्या आत प्लस आहे की मायनस, ते मशीनवरच्या खुणेशी ताडून पाहा आणि शक्य असेल तर दुकानातच मल्टिमीटर लावून घ्या. ध्रुव उलटे असलेला अडॅप्टर मशीन कायमचं जाळू शकतो.

कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय आता सोडा. तोंडातली वाफ आतल्या धातूच्या पट्ट्या गंजवते. कान साफ करायची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पट्ट्या हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावा.

मशीन मिळालंच नाही, पण मूळ सीडी असेल, तर काम सोपं आहे. प्लेस्टेशनची डिस्क काळी दिसली तरी ती साधी सीडीच असते आणि कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येते. तिची प्रत काढून डकस्टेशन या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवा. ड्रीमकास्टची डिस्क मात्र जीडी-रॉम असते, साध्या ड्राइव्हला ती वाचता येत नाही.

पडद्याचा उशीर घालवा

ही पायरी कुणी सहसा सांगत नाही आणि नेमकी तीच निर्णायक असते. जुना डबा टीव्ही मशीनकडून आलेलं चित्र जवळजवळ त्याच क्षणी दाखवत असे. एलईडी टीव्ही चित्र आधी मोठं करतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. त्यात सेकंदाचा दहावा भागसुद्धा सहज जातो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, धरली तर हे सहा फ्रेम झाले. धावायच्या-उड्या मारायच्या गेममध्ये तेवढं सांभाळून घेता येतं. इथे मात्र तरंगी बुडालेली तुम्हाला दिसते तेव्हा मासा आमिष टाकून निघालेलाही असतो.

म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ चालू करा आणि चित्र गुळगुळीत करणाऱ्या बाकी सगळ्या सोयी बंद करा. कंट्रोलर ब्लूटूथचा नको, वायरचा घ्या. एव्हीचं एचडीएमआय करणारा स्वस्त कन्व्हर्टर आणखी उशीर करतो. टीव्हीलाच एव्ही जॅक असेल तर सरळ तो वापरा. रेट्रोआर्क या एम्युलेटरवर खेळत असाल तर त्यातली उशीर कमी करणारी ‘रन-अहेड’ सोय एका फ्रेमवर ठेवून बघा. आणि घरात चालू डबा टीव्ही असेल तर तो भंगारात देऊ नका, या कामाला त्याहून चांगलं काही नाही.

आता गळ टाका

पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजून खेळायचो, त्यामुळे आपल्याला घाईने खेळायची सवय लागली. गळ टाकला की लगेच गुंडाळायचा, मग पुन्हा टाकायचा. ते आता नको. आमिष पाण्यात पडलं की थांबा, थोडं ओढा, पुन्हा थांबा. बास हा दबा धरून शिकार करणारा मासा आहे आणि आमिष थबकतं तेव्हाच तो बऱ्याचदा झडप घालतो. या गेमांच्या निर्मात्यांनी त्याचा हा स्वभाव मनापासून अभ्यासलेला दिसतो, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. गेममध्ये दिवसाची वेळ बदलत असेल तर पहाटे काठाजवळ, उथळ पाण्यात वरून तरंगणारं आमिष वापरा आणि दुपारी खोल पाण्यात बुडणारं.

मासा लागला की बटण दाबून धरायचा मोह आवरा. पेच लागल्यावर मांजाला ढील देतो तसंच इथे करायचं. मासा ओढतोय तोवर दोर सोडा, तो दमला की गुंडाळा. ताण दाखवणारी पट्टी लाल व्हायच्या आत हात सैल करा, पण दोर अगदी ढिला पडू देऊ नका, कारण मासा मग गळ झटकून टाकतो. मासा डावीकडे पळाला तर काठी उजवीकडे वळवा.

मोठा मासा मिळाला की जागा, वेळ आणि आमिष वहीत लिहून ठेवा. जुने गेम हे स्वतःहून सांगत नाहीत.

गेम बॉयची कॅसेट असेल तर एक काळजी आणखी घ्या. सेव्ह केलेला खेळ तिच्यात एका छोट्या सेलवर टिकतो आणि इतक्या वर्षांत तो सेल संपत आलेला असतो. सेल काढला की जुना खेळ पुसला जातो, म्हणून बदलण्याआधी कॅसेट वाचणाऱ्या यूएसबी रीडरने त्याची प्रत कॉम्प्युटरवर घ्या. सेल आतल्या पट्टीला डाग देऊन बसवलेला असतो. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर हे काम मोबाइल दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या.