पावसाआधीच ठरवा देखभालीची वाटणी
गोव्यात चार-पाच कुटुंबे एकाच आवारात राहत असाल, तर देखभालीची बैठक एप्रिलमध्येच घ्या. जूनमध्ये पाऊस लागला की कौले शाकारायला माणूस मिळणे कठीण. छपराचा खर्च घराच्या क्षेत्रफळानुसार, पाण्याचे बिल माणशी, तर विहिरीचा उपसा, गेट, आवारातले दिवे घरटी सारखे, मला तरी हेच न्याय्य वाटते. श्रम तासांत मोजा. हिशेब लिहिणे, प्लंबरसाठी घरी थांबणे हेही कामच. छपरावर चढू न शकणाऱ्या आजींचे ते तास वहीत नक्की मांडा. आखातात किंवा मुंबईला असलेल्यांनी तासांऐवजी पैसे द्यावेत, मात्र ताशी दर बैठकीतच ठरवून. पंप, सेप्टिक टाकीसाठी दरमहा थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाका.