हॅवलॉकला जायचं, तर मुक्काम हलवू नका

नागपूरच्या धरमपेठेत माझं औषधांचं दुकान आहे. वर्षातून एकदाच दोन आठवडे कुलूप लावता येतं, त्यामुळे ते दोन आठवडे वाया गेले की जीव हळहळतो. 2019 मध्ये तसंच झालं. सहा दिवसांचं अंदमानचं पॅकेज घेतलं होतं. रोज सकाळी गाडी दारात उभी, प्रत्येक किनाऱ्यावर पाऊण तास, फोटो काढा आणि बसा गाडीत. नागपूरला उतरले तेव्हा निघाले होते त्याहून जास्त दमलेली होते. 2024 च्या फेब्रुवारीत मी आणि नवरा पुन्हा गेलो. या वेळी सगळं आम्हीच ठरवलं: अंदमानातलं हॅवलॉक हे एकच बेट, आठ रात्री, एकच खोली. पाण्याखाली उतरणं असो की बेटावरच्या माणसांशी मैत्री, ते कसं जमवायचं, ते सांगते.

आपल्याकडे सुट्टी म्हटली की मे महिना. पण अंदमानात मे संपता संपता पाऊस लागतो, समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत पाणी शांत असतं. त्यातही फेब्रुवारी-मार्च उत्तम. पोहायला न येणाऱ्यांनी तर याच दिवसांत जावं.

आम्ही गीतांजली एक्सप्रेसने हावड्याला गेलो, रात्री कोलकात्यात राहिलो आणि सकाळच्या विमानाने पोर्ट ब्लेअरला उतरलो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शहराचं नाव श्री विजयपुरम झालं आणि हॅवलॉक तर 2018 पासूनच स्वराज द्वीप आहे, म्हणून तिकीट काढताना दोन्ही नावं ओळखीची असू द्या. उतरल्या दिवशीच हॅवलॉकची बोट गाठायची धडपड करू नका. विमानाला उशीर झाला तर बोटीचे पैसे बुडतात. ती संध्याकाळ सेल्युलर जेलला द्या. त्या कोठड्यांसमोर मराठी माणसाला घाईने उभं राहवत नाही.

खाजगी बोट साधारण दीड तासात पोहोचवते, सरकारी बोटीला जास्त वेळ लागतो, पण ती स्वस्त आणि बरोबर गावातली माणसं. बोट लागत असेल तर उलटीची गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी कामाची नाही. रोख पैसे पुरेसे ठेवा, बेटावर एटीएम मोजकीच आहेत.

तिथे घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. फेब्रुवारीत साडेपाचलाच सूर्य बुडतो आणि सकाळी सहाच्या आधी लख्ख उजाडतं. नागपूरच्या सवयीने आठला उठलात तर दिवसाचा चांगला भाग गेलाच समजा. आम्ही रात्री नऊला झोपायचो. पहाटे काळापत्थरला जायचो, तो किनारा पूर्वेकडे आहे, आणि मावळतीला राधानगरला, तो पश्चिमेकडे. मधला सगळा वेळ काहीच ठरवलेलं नसायचं. ओहोटी-भरतीची वेळ मात्र रोज कुणाला तरी विचारा. ओहोटीत पाणी इतकं मागे जातं की पोहायचं सोडा, गुडघे भिजत नाहीत. मगरींच्या धोक्याचे फलक लावलेत तिथे पाण्यात पाय टाकू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरोखर आहेत.

आता स्कूबा डायव्हिंगबद्दल, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याबद्दल. मला पोहता येत नाही आणि पहिल्या डाइव्हला ते यावंच लागतं असं नाही. प्रशिक्षक सोबत असतो, तुमची टाकी त्याच्या हातात असते आणि कमाल खोली 12 मीटर. बुकिंग करताना पैसे विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: एका प्रशिक्षकामागे माणसं किती? एकामागे एकच असेल, तिथेच जा. मग तब्येतीचा फॉर्म येतो. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, काहीही लपवू नका. आणि सर्दी असेल तर उतरू नका. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरता येईल, असं कित्येकांना वाटतं. पाण्याखाली असतानाच गोळीचा असर ओसरला तर वर येताना कान-नाकात हवा अडकते. हे औषधवाली म्हणून बजावून सांगते.

चिखलदऱ्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात ना, पाण्यात तेच होतं, फक्त फार लवकर. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, आणि कानाला सगळ्यात जास्त जाणवतात ते पहिले दोन-तीन मीटर. म्हणून डोकं पाण्याखाली गेल्याबरोबर नाक चिमटीत धरायचं आणि त्या बंद नाकात हळूच फुंकायचं. दुखायची वाट बघायची नाही. दुखलंच तर इशारा करून थोडं वर यायचं, पुन्हा करायचं. पहिल्या खेपेला माझा डावा कान उघडेना. प्रशिक्षकाने मला तीन वेळा हातभर वर नेलं, जराही घाई केली नाही, आणि चौथ्यांदा कानात बारीक ‘टक्’ झालं. श्वास कधीच रोखायचा नाही, तोंडाने सावकाश घेत-सोडत राहायचा. अंगठा वर करणं म्हणजे ‘वर चला’. मस्त वाटतंय हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करा.

नेमो रीफ नावाच्या प्रवाळाच्या जागी मी एका समुद्रफुलासमोर (सी ॲनिमोन) थांबले होते. त्याच्या हलत्या बोटांमधून एक नारिंगी-पांढरा क्लाउनफिश बाहेर यायचा, माझ्या काचेवर धावून यायचा आणि परत आत. माझ्या करंगळीएवढा जीव, पण घर राखत होता. वर आल्यावर प्रशिक्षकाने सांगितलं की हे सगळे मासे जन्मतः नर असतात, घोळक्यातली मादी गेली की मोठा नर मादी होतो. प्रवाळाला हात लावू नका, पाय टेकवू नका. 2010 मध्ये समुद्र तापून अंदमानचं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं, उरलंय ते फार नाजूक आहे. अंगभर उन्हाचं लोशन चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला.

मैत्रीचं म्हणाल तर ती तिसऱ्या दिवशी सुरू होते, म्हणूनच मुक्काम हलवायचा नाही. आम्ही रोज सकाळी बाजारातल्या एकाच टपरीवर चहा घ्यायचो. दोन दिवस चहावाल्या दीदी फक्त पैसे घेत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी न विचारता नवऱ्याचा चहा बिनसाखरेचा केला आणि मला म्हणाल्या, ‘बैठो ना.’ त्यांचे सासरे पूर्व पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आलेले. पन्नासच्या दशकात सरकारने अशी बंगाली कुटुंबं बेटावर वसवली, जंगल तोडून त्यांनी भातशेती केली. दीदींच्या अंगणात सुपारी वाळत होती. आमच्या नागपुरात तंबाखू-सुपारीच्या खर्र्यासाठी एवढी सुपारी लागते, पण ती झाडावरून उतरलेली, भगव्या सालीतली मी पहिल्यांदाच हातात घेतली. ती सोलायला त्यांनी मला शिकवलं, तासाभरात माझी बोटं तांबूस झाली.

जाताना बॅगेत भेटवस्तू नको, आपल्या घरचं खाणं न्या. मी पोहे, सावजी मसाला आणि संत्रा बर्फी नेली होती. पाचव्या दिवशी त्यांच्या चुलीवर तर्री-पोहा, म्हणजे तिखट रश्श्यासोबतचे पोहे, केला. दीदींना तर्री झोंबली, डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी वाटी घेतली. दुसऱ्या दिवशी मोहरीतला मासा कसा करायचा, हे मी त्यांच्याकडून शिकले. पैसे देऊ केले तर त्या रागावल्या. म्हणून नवऱ्याने त्यांच्या मुलाला दोन संध्याकाळी गणित शिकवलं. तुम्हालाही काही येत असेल तर ते द्या, आणि घरच्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

शेवटची डाइव्ह आणि विमान यांत निदान 18 तास जाऊ द्या, नाहीतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचावर त्रास देतो. म्हणून पाण्यातली सगळी कामं पहिल्या पाच-सहा दिवसांत उरका. शंख, प्रवाळाचा तुकडा बॅगेत टाकू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली प्रवाळ आणि कित्येक शंख संरक्षित आहेत आणि विमानतळावर बॅग तपासतात. मी आणली ती दीदींनी दिलेली सुपारी, वर्तमानपत्रात बांधलेली. त्यांनी धक्क्यावर विचारलं होतं, ‘नागपूर से समुंदर कितना दूर?’ मी सांगितलं, आमच्याकडे देशाचा मध्य समजला जाणारा झिरो माईलचा खांब आहे, तिथून कुठलाही समुद्र लांबच. त्या म्हणाल्या, मग लेकीच्या परीक्षेनंतर आम्हीच येतो. मार्चमध्ये या म्हटलं, मे मध्ये नको, तुम्हाला आमचं ऊन सोसणार नाही.