शब्दकोड्याचे ॲप मुलांच्या हाती देताना

शब्दकोड्याचे ॲप निवडताना त्यातील चित्रे आणि बक्षिसे पाहण्याआधी एक गोष्ट तपासावी: शब्दाचा अर्थ न कळताही मुलाला उत्तर सापडते का? अक्षरांच्या जाळीतून दिलेला शब्द नुसता शोधून काढण्याच्या खेळात नजरेचा आणि वर्णक्रमाचा सराव होतो, पण अर्थाकडे लक्ष न देताही तो खेळ पूर्ण करता येतो. याउलट, पत्रकार आर्थर विन यांचे शब्दकोडे १९१३ साली वृत्तपत्रात छापले गेले तेव्हापासून रूढ झालेल्या शोधसूत्रांच्या, म्हणजे शब्दाचा अर्थ सुचवणाऱ्या ओळींच्या, पद्धतीत मुलाला अर्थ, अक्षरसंख्या आणि आडव्या-उभ्या शब्दांतील सामाईक अक्षर या तिन्हींचा मेळ घालावा लागतो आणि तर्क चुकल्यास तो स्वतःच मागे घ्यावा लागतो. विचाराला खरे वळण इथेच लागते.

मराठी कोड्यात काना, वेलांटी आणि जोडाक्षर एकाच चौकटीत सलग मांडलेले आहे का, हेही पाहावे. मात्रा सुट्या पाडणारे ॲप मी तरी लहान मुलांना देणार नाही.

मदतीचे बटण दाबण्यापूर्वी मुलाला निदान दोन तर्क कारणांसह मोठ्याने सांगू द्यावेत. खेळ संपल्यावर भेटलेल्या नव्या शब्दांपैकी दोन-तीनच शब्द निवडून त्यांची स्वतःची वाक्ये त्याला वहीत लिहायला सांगावीत. तेच शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी आणि पुढे आठवड्याने, वही न उघडता, गप्पांच्या ओघात विचारावेत, कारण अंतराअंतराने आठवलेला शब्द एकाच बैठकीत घोकलेल्या शब्दापेक्षा जास्त टिकतो.